माझ्या अंगातली गरमी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन बरोबर नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मुलींच्या शाळेतल्या बाई माझी पाटी वर धरून म्हणायच्या, कोंबडी उकरून गेली बघा. ऱ्हस्व-दीर्घ तर कधीच जमलं नाही. ज्या शब्दाबद्दल लिहायला बसले आहे त्याला पहिली वेलांटी की दुसरी, हेही मला नक्की ठाऊक नाही, कारण तो शब्द शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. चुकलं असेल तर माफी असावी. हे वाचणारं कुणी नाही, तरी माफी मागितल्याशिवाय माझ्याच्यानं सुरुवात होत नाही.

तो शब्द म्हणजे गरमी.

महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. विलायतेतली मोठी लढाई अजून सुरू झाली नव्हती. मी लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले. घरात आम्ही तिघंच, मी, हे आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. मामंजी माझ्या लग्नाआधीच गेले होते. हे स्टेशनाजवळच्या गूळबाजारात एका अडत्याच्या दुकानी कामाला होते. गुळाच्या ढेपा वॅगनीत भरून मुंबईला गेल्या की वसुलीला हेही जायचे आणि महिना-महिना तिकडंच राहायचे.

लग्नानंतरच्या वर्षी हे असेच मुंबईहून आले आणि मागच्या खोलीत पडून राहिले. हिरड्या काळ्या पडलेल्या, दात हलत होते, तोंडातून सारखी लाळ गळायची. पुढ्यात एक मडकं ठेवलेलं असायचं. मी रोज ते राखेनं घासून आणायची आणि ह्यांना पेज भरवायची. एक वैद्य यायचे. ते आले की आत्याबाई मला चुलीपाशी पाठवायच्या. काय झालंय असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, पित्त उसळलंय. मी मान हलवली. काही दिवसांनी हे उठले, जेवायला लागले, कामावर गेले.

माझी तीन बाळंतपणं झाली. पहिलं सातव्या महिन्यात गेलेलंच आलं. दुसरंही तसंच, फक्त दिवस थोडे जास्त भरले होते. तिसरा मुलगा जिवंत आला. पंधरा-वीस दिवस चांगला होता, मग त्याचं नाक घरघरायला लागलं. दूध ओढायला गेला की गुदमरायचा. तळपायांची कातडी सोलून निघाली. चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा सुरकुतला. त्याच्या तोंडात थेंबथेंब दूध पिळत मी त्याला धरून बसायची आणि तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच लहान आहे आणि तो सगळं जाणतो. दोन महिन्यांचा होऊन गेला.

आत्याबाईंनी निदान केलं. हिच्या अंगात गरमी आहे, पोटातच पोर भाजून निघतं. तेव्हापासून माझ्यावर गार औषधांचा मारा सुरू झाला. सकाळी उठल्या-उठल्या भिजवलेला सब्जा. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, दुर्वांचा रस, वाळा घातलेलं पाणी. तीळ बंद, बाजरी बंद, अंडं तर दृष्टीलाही नको. नवरा गुळाच्या दुकानात आणि मला गुळाचा खडा बंद. थंडीच्या दिवसांतही मी गार पाणी पिऊन कुडकुडत असे आणि मनात म्हणत असे, निवतंय, आता अंग निवतंय.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या. पण त्यांना नातू हवा होता. तिसरा गेल्यावर त्यांच्या माहेराकडची एक बाई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा तिनं आपल्या भाचीचं वय सांगितलं. मी ताक घुसळत होते. रवी हातातून सुटली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी पाण्याची चावी होती, म्हणजे सगळ्यांचा नळ. तिथं बायकांची गर्दी असे. मी कधी कुणाशी बोलत नसे. घागर भरायची, उचलायची, खाली मान घालून परत यायचं. एक दिवस एकीनं मायेनं विचारलं, पोरी, वाळलीस किती, काय होतंय तुला. कुणी तसं विचारलंच नव्हतं कधी. मला भरून आलं आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मला गरमी हाय. आत्याबाई म्हणत्यात, लई जुनी हाय."

चावीचं पाणी तेवढं वाजत राहिलं. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी आपली घागर माझ्या घागरीपासून लांब सरकवत म्हणाली, "बाई बाई, धाडसाची हायस की." एक म्हातारी होती, ती म्हणाली, "अगं, असं चारचौघीत सांगत्यात व्हय?" मी घागर उचलून घरी आले. मला वाटलं, आपण उगाच तोंड उघडलं, बायकांना आपलं रडगाणं आवडलं नाही.

त्यानंतर पाणी भरायची माझी पाळी आली की चावीवरच्या बायका मागं सरायच्या आणि मी निघाले की दगड धुऊन घ्यायच्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन शेजारची मुलगी दारोदार फिरली, आमचं दार तेवढं सोडून गेली. मला वाटलं, माझी मुलं जगत नाहीत म्हणून. तसं वाटून घेणंही सोपं नव्हतं, पण निदान ते कळण्यासारखं होतं.

चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा मला आनंद झाला नाही. पोटावर हात ठेवायचीही भीती वाटे. आत्याबाईंनी सब्जा दुप्पट केला आणि एकदा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्या खेपंला न्हाई झालं तर मग मलाबी काय सुचंना बघ." त्याचा अर्थ मला समजला. हे बाळ गेलं की त्या घरात माझं काही उरणार नव्हतं. पण खरं सांगते, सवतीपेक्षा मला त्या घरघरीची जास्त भीती वाटत होती. ती पुन्हा ऐकण्यापेक्षा रंकाळ्यात उतरावं असं मनात येई. धुणं धुवायला जायची तेव्हा शेवटच्या पायरीवर उभी राहायची. मग धुणं पिळून घरी यायची.

नागपंचमीला बांगड्या भरायला चाची आली. ती मणेरीण होती. डोक्यावर टोपली घेऊन आमच्या पेठेत तिची वर्षानुवर्षांची फेरी असे आणि लहानथोर सगळे तिला चाचीच म्हणत. तिचा हात फार हलका होता. बोटं एकमेकांवर दाबून, हाताचा द्रोण करून ती अशी बांगडी चढवायची की कळायचंही नाही. बांगडी तडकली तर म्हणायची, वाढवली. फुटली असं म्हणायचं नाही. वाईटाला चांगलं नाव द्यायची आपल्याकडे रीतच आहे.

आत्याबाई वारुळाच्या पूजेला दूध-लाह्या घेऊन बाहेर पडल्या होत्या. चाचीनं माझा हात हातात घेतला आणि चढवायचं सोडून तळहात वर करून बघत बसली. मग विचारलं, कितवा महिना. चौथा, मी म्हणाले. पहिल्या तिघांचं काय झालं ते तिला पेठेतून ठाऊक होतंच. तरी मी सांगितलं, अंगात गरमी आहे, सब्जा चालू आहे.

"पोरी," ती हळू आवाजात म्हणाली, "ही गरमी उन्हाची न्हवं. सब्जानं जायाची न्हाई."

"मग कशाची?"

"पुरुषमाणूस बाहेरच्या बाईकडनं आणतो, ती ही. तुला तुझ्या नवऱ्यानं दिली. तुझ्याकडनं पोरांला गेली."

मला आधी कळलंच नाही. मग चावीवरच्या बायका आठवल्या. सगळ्यांच्या देखत मी काय बोलून बसले होते ते कळलं आणि जीव जाईल असं झालं. तोंड लपवायला हात वर घ्यावा तर हात तिच्या हातात होता. मग आणखी मागचं आठवलं. ते मडकं, ती लाळ, वैद्य.

चाची म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या साली बांगड्या भरताना तुझ्या तळहातावर तांबडं डाग बघितलं हुतं म्या. माझ्याबी हातावर आल्तं तसलंच. माझी चार गेली. मग दवाखाना केला, तवा एक पोरगी जगली."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

ती बांगड्या निवडायला लागली. "दारोदार फिरणाऱ्या बाईनं त्वांड उघडलं की तिची टोपली कोण उतरून घेत न्हाई," असं म्हणाली आणि बांगड्या भरायला लागली. तिला राग यावा असं मी काही बोलले नाही. पण तिचा हात त्या दिवशी हलका नव्हता. एक बांगडी वाढवली.

पुढच्या शुक्रवारी देवीची ओटी भरायला जाते असं सांगून मी चाचीबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. बायकांच्या बाजूला एक बाई डॉक्टर होती. नऊवारीतलीच, पण पायात बूट. तिनं विचारलं, काय होतंय. चाचीनं मला कोपरानं ढोसलं. जे एकच वाक्य मला येत होतं ते मी म्हणाले, अंगात गरमी आहे. डॉक्टरीण हसली नाही, लांब सरकली नाही. तिनं हात धुतले, मला तपासलं, तिन्ही बाळांचं नीट विचारून घेतलं. तिसऱ्याच्या नाकाचं सांगताना मला बोलवेना तेव्हा ती थांबली. मग म्हणाली, "हो, तुम्हाला गरमी आहे. त्याला उपदंश म्हणतात. त्यात तुमचा दोष नाही."

तो शब्द मी मनात धरून ठेवला. तो आमच्या गल्लीत कुणाला कळला नसता.

तिनं जे सांगितलं ते असं. दवाखान्यात पाऱ्याचं मलम फुकट मिळतं, पण ते महिनोन् महिने चोळावं लागतं आणि माझ्या हातात तेवढे महिने नव्हते. नवीन पिवळं औषध निघालंय, ते शिरेतून सोडतात. ते दवाखान्यात नाही, मुंबईहून मागवावं लागेल आणि पैसे आधी भरावे लागतील. दोघांचे मिळून साठ रुपये. दोघांचे कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, नवऱ्यानं घेतलं नाही तर मी तुम्हाला बरं करीन आणि ते तुम्हाला पुन्हा आजारी करतील. आणि औषध घेतलं तरी बाळ जगेलच असं वचन मी देत नाही.

ह्यांचा पगार तेव्हा बारा रुपये होता. घरी परतताना मी विचार करत होते, की पैशाचं राहू दे, हे मी ह्यांना सांगायचं कसं. लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी मी जेवण, पाणी, धुणं ह्यांपलीकडं बोलले नव्हते. चार दिवस गेले. रोज ठरवायची, आणि हे समोर आले की ताट वाढून चुलीकडं वळायची. पोटात बाळ पहिल्यांदा हललं, मासा वळवळल्यासारखं. तेव्हा मी चुलीपाशी बसून रडले, कारण ते अजून होतं.

त्याच संध्याकाळी हे जेवायला बसले होते आणि आत्याबाईंनी माझ्यापुढं सब्जाचं भांडं आणून ठेवलं. मी ते उचलून परत त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"आत्याबाई, गरमी माझी न्हवं," मी म्हणाले. "ह्यांची हाय."

हे घास हातात धरून तसेच राहिले. खोटं आहे असं म्हणतील, उठून मारतील, असं मला वाटलं होतं. ह्यांनी एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?"

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. पहिल्या बाळाच्या वेळी, दुसऱ्याच्या, तिसरा माझ्या मांडीवर गुदमरत होता तेव्हा, सारखं ठाऊक होतं. मग हे आईकडे बघून म्हणाले, "माझं कवाच बरं झालंय. वैद्यानं पारा देऊन त्वांड आणलं हुतं न्हवं? सगळं निघून गेलं त्या लाळंतनं."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या आता मला बोलतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्या ह्यांच्याकडेच बघत होत्या.

"तुझ्या बापानंबी त्वांड आणलं हुतं," त्या म्हणाल्या.

मग सब्जाच्या भांड्यात बघत राहिल्या. आत्याबाईंची पाच मुलं गेली होती, हे एकटे जगले. पाच गेल्याचं मला घरात आल्या दिवसापासून माहीत होतं. हे नवसानं जगले, असं त्या सांगायच्या. त्यांनाही त्यांच्या सासूनं सब्जाच पाजला होता. मला वाटत होतं, त्या माझ्यापासून लपवत आहेत. पण त्या काही लपवत नव्हत्या, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "मग माझी ती पाच...?"  

भांडं उचलून त्या परसात गेल्या आणि सब्जा तुळशीपासून लांब, उकिरड्यावर ओतून आल्या. ह्यांना म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जायाचं. न्हाई गेलास तर म्या शेटजीच्या दुकानात येऊन सांगीन, तुला काय झालंय ते."

हे कबूल झाले, पण पैसे नव्हते. दुकानात उचल मागावी तर शेटजी कारण विचारणार. आत्याबाईंच्या अंगावर एक मणी उरला नव्हता, माझं डोरलं मोडून तीस रुपयेही आले नसते आणि गळा मोकळा दिसला असता तर पेठेनं काय ते ओळखलंच असतं. मी पुन्हा चाचीकडे गेले. काही न मागता तिच्या उंबऱ्यावर बसले. तिनं आपल्या मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे एका चिंधीत बांधून पेटीत ठेवले होते. ती चिंधी तिनं माझ्या ओटीत टाकली. मी घेत नव्हते. ती म्हणाली, "तवा बोलले असते तर तुझा एखादा तरी वाचला असता. घे."

औषध आलं. माझ्या दंडाला पट्टी बांधून डॉक्टरणीनं ते शिरेत सोडलं. घरी आल्यावर थंडी भरून आली, उलट्या झाल्या. आत्याबाई रात्रभर माझे पाय धरून बसल्या होत्या. पोट दुखलं की मला वाटे, औषधानंच बाळ गेलं. मग ते हलायचं. मी सगळ्या सुया घेतल्या. ह्यांनी दोन घेतल्या. तिसऱ्या वेळी दवाखान्याच्या फाटकात दुकानातला एक माणूस भेटला, त्यानं विचारलं, इकडं कुठं, आणि हे तिथूनच माघारी फिरले. पुन्हा गेले नाहीत. आत्याबाई दुकानात सांगीन म्हणाल्या होत्या, पण आईच्यानं तेवढं झालं नाही.

डॉक्टरणीला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तुम्ही त्यांच्यापासून लांब राहा. पण असलं घरात कोण सांगणार. मी आत्याबाईंना अर्धंच सांगितलं, उरलेलं त्यांनी ओळखलं. त्या दिवसापासून माझी वाकळ त्यांनी आपल्या वाकळेशेजारी, भिंतीच्या बाजूला अंथरली. मध्ये त्या आणि मग दार. हे एकदा दारात येऊन उभे राहिले. आत्याबाई उठून बसल्या.  हे परत गेले.

माघात मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, जिवंत. ती रडली तेव्हा सुईणीनं साखर मागितली, पण आम्ही दोघी सासू-सुना तशाच बसून राहिलो. आम्हाला आनंद करायचा धीर नव्हता. मी दिवसातून कितीदा तरी तिचे तळपाय उजेडात धरून बघायची. तिच्या नाकाशी कान लावायची. ती शांत झोपली की जास्त भीती वाटे. एका सकाळी तिचं नाक वाजलं. तीच घरघर. मी अनवाणी, ओल्या बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही हे विसरून, तिला पदराखाली घेऊन दवाखान्यापर्यंत धावत गेले. डॉक्टरणीनं तिला वरखाली तपासलं. मग म्हणाली, "पडसं आहे हो. पडसं." मी तिथंच फरशीवर बसले. 

मुलगी वाढत गेली, तसं मला पैशाचं दिसायला लागलं. जुनी लुगडी घेऊन मी वाकळा शिवू लागले. पेठेतल्या बायका माझ्याकडून काही घेत नव्हत्या, पण महाराजांनी गावोगावच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली होती, तिथल्या मुलांना पांघरायला लागायचं. चाचीच माझ्या वाकळा टोपलीखाली घालून तिकडं पोचवायची आणि आलेल्यातले पैसे मी तिच्याच हातात ठेवायची. कधी रुपया, कधी बारा आणे. मध्ये एक पावसाळाभर काही देता आलं नाही, मुलीला गोवर आला होता. चाचीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ते एक वर्ष पुढं गेलं. मग मुलाकडच्यांनी दुसरीकडे जमवलं. हे चाचीनं मला सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. मी तिच्या पायाशी बसले तेव्हा ती म्हणाली, "ऊठ, टाका सैल पडलाय बघ वाकळंचा."

ह्यांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती. पाय टाकताना जमीन लागत नाही म्हणायचे. वैद्याचं औषध चालू होतं. मी पेज करून देत असे. मडकं पुन्हा घासावं लागलं.

चाचीच्या मुलीचं पुढं दुसऱ्या घरी लग्न झालं. त्यानंतरच्या नागपंचमीला चाची बांगड्या घेऊन आली, तेव्हा माझ्याकडे शेवटचे दोन रुपये तयार होते. आत्याबाई घरातच होत्या, ह्या वेळी वारुळाला गेल्या नव्हत्या. माझी मुलगी पहिल्यांदाच बांगड्या भरून घेणार म्हणून पुढं होऊन बसली. चाचीनं तिचा हात घेतला, तळहात वर केला आणि उंबऱ्याच्या उजेडात धरला. आत्याबाई वाकून बघायला लागल्या. मी बघितलं नाही, मला बघवेना. मग बांगड्यांचा बारीक आवाज आला, एकीमागून एक. एकही वाढवली नाही.

मी दोन रुपये टोपलीत ठेवले. चाचीनं ते उचलून कनवटीला लावले आणि म्हणाली, "फिटलं."